गाडी विकायची आहे की चालवायची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाकडून खट् खट् असा आवाज येऊ लागला. सपाट रस्त्यावर काहीच नाही; खड्डा आला, गतिरोधक आला की खट्. आता आपल्या वसईत पावसाळ्यात सपाट रस्ता हा अपवाद आणि खड्डा हा नियम, त्यामुळे आवाज जवळजवळ अखंडच म्हणायचा. गाडी २००९ सालची. पंधरा वर्षे झाल्यावर आर.टी.ओ.ची तपासणी करून, पर्यावरण कर भरून आम्ही तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. आईला रविवारी मिस्साला आणि महिन्यातून दोनदा दवाखान्यात नेणे, एवढेच तिचे काम. हिशेब मांडला तर रिक्षा स्वस्त पडते हे आम्हाला कळत होते; पण जुन्या वस्तूत जीव अडकला की हिशेब कोण मांडतो?

मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोघा-तिघांना विचारले, "चांगला मेकॅनिक कोण आहे हो?" बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपण सगळ्यांनीच कधी ना कधी विचारला आहे, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते: "अमक्याकडे जा, आपल्यातलाच आहे." आम्ही गेलो.

त्या भावाने गाडीची एक फेरी मारली, बॉनेट उघडले, बंद केले आणि कागदावर लिहून दिले: पुढचे दोन्ही शॉकअप, त्यांची माउंटिंगे, दोन्ही लोअर आर्म, स्टिअरिंगची रॅक. मजुरीसह साडेअठरा हजार. गाडी जॅकवर चढवली नव्हती, चाक हलवून पाहिले नव्हते. आम्हाला त्यातले काही कळत नाही, आणि कळत नाही हे दाखवायचीही लाज वाटते, म्हणून आम्ही काही विचारले नाही. एवढेच म्हणालो, "एवढा खर्च करायचा तर मग विकूनच टाकलेली बरी."

त्यावर तो एकदम मोकळा झाला. "अंकल, मग आधी सांगायचं ना! गाडी विकायची आहे की चालवायची? विकायची असेल तर एवढं कशाला? पंधराशेत आवाज बंद करून देतो. बुशात रबर ठोकतो, ग्रीस भरतो. चार-सहा महिने कोणाला कळणार नाही."

आणि आम्हाला बरे वाटले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे तेच आहे. परत येताना आम्ही दोघेही एकमेकांना सांगत होतो की माणूस चांगला आहे, त्याने आपले सतरा हजार वाचवले.

आईचे वय ब्याऐंशी. तिने उभे आयुष्य भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईच्या बाजारात नेल्या. रात्री जेवताना आम्ही तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे वर चांगली वांगी आणि खाली किडकी." एवढे बोलून ती भात कालवू लागली.

तिने विषय पुन्हा काढला नाही. आम्हीच रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. सकाळी आम्ही घराबाहेर पडलो होतो ते एका प्रामाणिक माणसाच्या शोधात, आणि दुपारी परतलो ते आमच्या वतीने दुसऱ्याला फसवून देणारा माणूस मिळाल्याच्या समाधानात. जो आमच्यासाठी अनोळखी गिऱ्हाइकाला फसवायला तयार झाला, तो साडेअठरा हजारांच्या कागदावर आम्हालाही फसवत नसेल कशावरून? आधी सुचली ती ही शंका, म्हणजे स्वतःच्या खिशाची काळजी. ज्याच्या गळ्यात ती गाडी पडणार होती त्या माणसाची आठवण आम्हाला त्यानंतर झाली. क्रम असा होता, तो तसाच सांगितलेला बरा.

सस्पेन्शन म्हणजे नुसता बसणाऱ्याचा आराम, असा आमचा समज होता. तसे नाही. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा जो खालचा दांडा, ज्याला लोअर आर्म म्हणतात, त्याच्या आतल्या बाजूला रबरी बुश असतात आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. वय झाले की रबर कडक होऊन चिरते, आणि जॉइंटमधला गोळा आपल्या वाटीत सैल होतो. आवाज येतो तो त्या सैलपणाचा. रबर ठोकून, ग्रीस भरून आवाज दबेल, पण सैलपणा तसाच राहून वाढत जाईल. वाढता वाढता एक दिवस गोळा वाटीतून निसटला, तर चाक आडवे पडते आणि गाडी हातात राहत नाही. महामार्गावर ट्रकच्या रांगेत हे घडले तर काय होईल, ते वसईकरांना सांगायला नको. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. त्या गाडीत खरे बोलणारा एकच साक्षीदार होता, तो आवाज. आणि पंधराशे रुपये देऊन आम्ही त्याचेच तोंड बंद करायला निघालो होतो.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, घेणाऱ्याने पाहून घ्यावे. त्यालाही मेकॅनिक आणता येतो. कायद्याचा मूळ कलही साधारण तसाच आहे. १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्यात काही अपवाद सोडले, तर वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकलेली आहे. आम्हीही आधी याच फांदीला लोंबकळलो.

पण संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न तेराव्या शतकातच हातात घेतला होता. 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात ते विचारतात, विकणाऱ्याने मालातला दोष सांगितलाच पाहिजे का? त्यांचे उदाहरण घोड्याचे आहे; त्या काळची गाडी तीच. घोड्याला एकच डोळा असेल तर तो दोष घेणाऱ्याला समोर दिसतो. किंमत त्या मानाने कमी लावली तर वेगळे सांगण्याचे बंधन नाही. पण लंगडा घोडा वेगवान म्हणून विकला, पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकले, म्हणजे दोष लपलेला आणि त्यापासून घेणाऱ्याला धोका किंवा तोटा, तर तो व्यवहार फसवणुकीचा, आणि झालेले नुकसान भरून देणे विकणाऱ्यावर बंधनकारक. आमच्या गाडीच्या मागच्या बंपरवर गेटचा लांब ओरखडा आहे. तो आमचा एकडोळ्या घोडा. सैल बॉल जॉइंट हा लंगडा घोडा. आम्ही तर त्याच्याही पुढे जाऊन लंगड्या घोड्याला चार दिवस न लंगडण्याचे औषध पाजणार होतो!

आणखी एक गोष्ट. घेणारा आमच्या डोळ्यांसमोर येणारही नव्हता. गाडी एजंट नेतो, तो आणखी कोणाला देतो, आणि मग आपले मन सांगते की आपण कोणाला फसवलेच नाही. शेजारी म्हणजे नेमका कोण, असे एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले, तेव्हा प्रभूने त्याला वाटेवर पडलेल्या अनोळखी माणसाची गोष्ट सांगितली. आमचा प्रश्नही वाटेवरच्याच माणसाचा होता. फरक इतकाच की आमचा माणूस अजून जखमी व्हायचा होता. आणि त्या गोष्टीतला शोमरोनी, लक्षात घ्या, ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने 'आपल्यातला' नव्हता.

गाडी घरी उभी असल्याने त्या आठवड्यात आईला रिक्षाने दवाखान्यात नेले. रिक्षावाल्याला सहज विचारले. ज्याचे पोट चाकावर आहे त्याला मेकॅनिक पारखावाच लागतो, हे आम्हाला आधी सुचायला हवे होते. त्याच्या मेव्हण्याची टुरिस्ट गाडी ज्याच्याकडे जाते, त्याचा पत्ता त्याने दिला.

महामार्गाच्या कडेला पत्र्याची शेड. माणूस परप्रांतातून आलेला, मोडकी मराठी बोलणारा, आपल्यातला कोणत्याच अर्थाने नव्हे. त्याने आधी आम्हालाच गाडी चालवायला लावली आणि बाजूला बसून कान देत राहिला. मग जॅक लावला, खाली लाकडाचा ओंडका सरकवला, चाक वर-खाली धरून हलवले, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवले, आर्मखाली छोटी पहार घालून उचलून पाहिले. "अंकल, इकडे या. हात लावून बघा." आम्ही हात लावला. डावा बॉल जॉइंट आमच्यासारख्यालाही कळेल इतका सैल होता. उजव्या आर्मचे बुश चिरलेले दिसत होते. शॉकअपवर तेलाचा ओघळ नव्हता. गाडी खाली घेऊन पुढचा कोपरा जोराने दाबून सोडला तेव्हा ती एकदा वर आली आणि स्थिर झाली. "शॉकअप चांगले आहेत. रॅकपण चांगली आहे. बदलू नका," तो म्हणाला. "बघायचे दोनशे झाले. काम करायचं की नाही ते घरी विचार करून सांगा."

आणि इथे आमचे पितळ उघडे पडले. तोंडातून निघून गेले, "नुसतं बघायचे दोनशे?"

तो हसला. "बघायचे नाही दिले तर मग मला पार्ट बदलायला लागेल ना."

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. डॉक्टर तपासून 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगतात तेव्हा आपण फी देतो आणि आनंदाने घरी येतो. मेकॅनिकने अर्धा तास चिखलात पाठीवर पडून तेच सांगितले, तर त्याला आपण चहासुद्धा विचारत नाही. वस्तू बदलली तरच पैसे, असा नियम आपण गिऱ्हाइकांनीच घातला आहे. मग खरे बोलणारा मेकॅनिक संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जातो, आणि त्याची चूल पेटते ती खोटे बोलल्यावर. शेडचे भाडे, हाताखालचा मुलगा, काम करून घेऊन पैसे बुडवणारे ओळखीचे लोक, हे सगळे त्याच्या मागे असतेच. याने पहिल्या भावाचे वागणे धुऊन निघत नाही. पण विश्वासू मेकॅनिक मिळत नाही अशी तक्रार करताना आपण त्याच्या विश्वासूपणाची किती किंमत द्यायला तयार आहोत, हेही विचारावे लागते.

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात, सातव्या आज्ञेच्या विवेचनात, २४०९ क्रमांकाचा परिच्छेद आहे. कायद्यात बसत असले तरी चोरीच ठरते असे काय काय आहे, ते तिथे सांगितले आहे. त्यात दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव चढवणे आहे, आणि वाईट केलेले कामही आहे. पण त्याच परिच्छेदात अन्याय्य मजुरी देणेही आहे. मेकॅनिकचे पाप आणि गिऱ्हाइकाचे पाप असे एकाच अंगणात राहतात. पापनिवेदनाला जाताना आपण सातव्या आज्ञेवरून झरझर पुढे जातो, कारण आपण कोणाच्या घरात शिरलेलो नसतो. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच गेलो आहोत.

लेवीयच्या १९व्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवण्याची मनाई आहे, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी खरा तराजू व खरी वजने वापरण्याची आज्ञा. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात वाटे, आंधळ्याच्या वाटेत दगड ठेवण्याइतका दुष्ट कोण असेल? गाडीच्या खालच्या बाजूविषयी आपण जवळजवळ सगळेच आंधळे आहोत. डोळस माणसाने आंधळ्याला हात धरून नेणे वेगळे आणि 'इकडे या, हात लावून बघा' म्हणणे वेगळे. दुसऱ्या मेकॅनिकने आम्हाला घटकाभर का होईना, दिसू दिले. आमच्या मते खरी पारख तीच. कोण किती स्वस्त, किंवा कोणाच्या दुकानात कोणाचा फोटो लावलेला आहे, यावरून आम्ही तरी आता काही ठरवत नाही.

अर्थात सगळेच हात लावून पाहता येत नाही. दुसऱ्या दिवशी काम करायला दिले तेव्हाची गोष्ट. त्याने दोन्ही आर्म नवे बसवले, चाके चढवली, पण बुशांचे बोल्ट पक्के आवळले नाहीत. गाडी जॅकवरून उतरवली, पुढची चाके दोन जाड फळ्यांवर घेतली, गाडी दोनदा दाबून बसू दिली, आणि मग खाली सरकून शेवटचा पाना फिरवला. आम्ही विचारले, वर असतानाच का नाही आवळले? सोपे झाले असते. तो म्हणाला, हवेत लोंबत असताना आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. "आवाज येणार नाही. वर्षानंतर येईल. तेव्हा तुम्ही म्हणणार पार्ट खराब होता."

म्हणजे हे काम त्याने चुकीचे केले असते तरी कोणालाही, कधीही कळले नसते. दुसऱ्या शतकातले संत जस्टिन लिहितात की आपला प्रभू सुताराचे काम करीत असताना नांगर आणि जू बनवीत असे. ज्यांनी शेती पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की जू नीट तासलेले नसेल तर बैलाची मान सोलून निघते, आणि बैलाला तक्रार करता येत नाही. नाझरेथच्या त्या कामठ्यात बैलाच्या वतीने पाहणारे कोणी नव्हते. शेडमध्येही नव्हते, आम्ही तर नुसते उभे होतो.

पहिल्या गॅरेजचे नाव आम्ही कोणाला सांगितलेले नाही, विचारले गेले तरी. भावाची चूक आधी त्याला एकट्याला गाठून दाखवावी, असे मत्तयच्या १८व्या अध्यायात प्रभूने शिकवले आहे. आम्ही अजून गेलेलो नाही. जाऊन काय सांगणार? त्याने पंधराशेची गोष्ट काढली तेव्हा आम्ही मान डोलावली होती, हे तोही विसरलेला नसेल.

काम ठरवताना दुसऱ्या मेकॅनिकनेही तोच प्रश्न विचारला होता, ते सांगायचे राहिले. "गाडी विकायची आहे की चालवायची?" आम्ही चमकलो. विचारले, "का? काम वेगळं करणार का?"

"काम एकच. विकायची असेल तर जुने पार्ट पिशवीत घालून देतो. घेणाऱ्याला दाखवा, काय बदललं ते."

दोन आर्म, मजुरी आणि ते दोनशे धरून पाच हजार शंभर झाले. अलाइनमेंट त्याच्याकडे होत नव्हती; ती आजच दुसरीकडे करून घ्या, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतील, हे त्याने दोनदा बजावले. मजुरीत घासाघीस करायची नाही असे आम्ही घरून ठरवून गेलो होतो. तरी शंभर रुपये कमी करा, असे ओठांवर आलेच होते.

पुढे हिशेब पुन्हा मांडला आणि गाडी विकायची ठरली. आईला रिक्षाच सोयीची वाटू लागली होती. रिक्षावाला तिला हात धरून उतरवतो. पहिले गिऱ्हाईक आले. आम्ही पिशवी उघडून दाखवली. एजंट मागून खुणा करत होता. गिऱ्हाईक म्हणाले, "एवढं निघालंय, मग अजून काय काय असेल?" आणि गेले ते गेलेच. एजंट चिडला, "सगळं नीट करून ठेवलंय, तर दाखवता कशाला?" त्याचेही काही अगदीच चुकत नव्हते. दोष दूर केलेला होता. आता सांगण्याचे बंधन संत थॉमसनीही घातले नसते. पण नवा आर्म आणि रबर ठोकलेला जुना आर्म, दोन्हींचा आवाज घेणाऱ्याच्या कानाला सारखाच, म्हणजे नसल्यासारखाच. त्याला फरक कळणार तरी कशाने?

दुसरा आला तो बायकोला आणि लहान मुलाला घेऊन. पिशवी पाहिली, बॉल जॉइंट हातात घेऊन हलवला, आणि ठरलेल्या किमतीतून चार हजार कमी करायला सांगितले. आम्ही हो म्हणालो. कागदपत्रांवर सह्या झाल्यावर त्याने ती पिशवी मागितली, आपल्या मेकॅनिकला दाखवायला. गाडीपर्यंत गेला आणि पुन्हा माघारी आला.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "माझ्या ओळखीचा मेकॅनिक कोणी नाही. ज्याने हे काढलं, त्याचाच नंबर द्या."